वाऱ्याच्या पिशवीला तळ

सोमवार

भिंगरी येणार!

दोऱ्याच्या कंपनीनं दिलेली ही डायरी कपाटात नुसती धूळ खात पडली होती. माझ्यासारखीच्या आयुष्यात रोज लिहिण्याजोगं घडतं काय? आज दप्तर शिवलं, उद्या दप्तर शिवीन. पण आता घडणार आहे, तेव्हा लिहून ठेवलेलं बरं. शाळा माझी लहानपणीच सुटली. वाचायला शिकले ती रद्दीच्या कागदांवर, त्यामुळे अर्ध्या बातम्या मला ठाऊक आहेत आणि उरलेल्या अर्ध्या फाटलेल्या होत्या. अक्षर मात्र शिवणीसारखं आहे. सरळ आणि घट्ट.

भिंगरी म्हणजे माझ्या दादाची मुलगी. लहानपणी अंगणात स्वतःभोवती गिरक्या घ्यायची आणि धप्पकन पडायची, म्हणून भिंगरी. आता एवढ्याशा विमानात एकटी बसून पृथ्वीलाच गिरकी घालून आली आहे. एवढ्या कोवळ्या वयात हे करणारी आमच्याकडची पहिलीच. वर्तमानपत्रात फोटो आला तेव्हा दुकानात येईल त्याला मी दाखवला. एक गृहस्थ छत्री उसवली म्हणून आले होते, त्यांनाही दाखवला. ते म्हणाले, "छत्री कधी मिळेल?" काही माणसांना आभाळाशी कर्तव्य फक्त गळण्यापुरतं असतं.

तर शाळेच्या मोठ्या बाई आज दुकानात आल्या. "आत्याबाई," म्हणाल्या (मला भाची एकच, पण आत्या मी साऱ्या गावाची), "यंदा वरच्या वर्गातल्या विज्ञान शाखेला कुणी नावच देईना. मुलं म्हणतात, अवघड आहे, कंटाळवाणं आहे. पुरेशी मुलं आली नाहीत तर शाखा बंद करावी लागेल. आमचे विज्ञानाचे सर दुसऱ्या गावी जातील. तुमच्या भाचीनं येऊन मुलांना चार शब्द सांगितले तर?"

मी म्हटलं, "चार काय, चाळीस सांगेल. आमच्या घराण्यात तोंडाला टाके कुणालाच नाहीत."

बुधवार

आली. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी बाई बसनं आली आणि बसमध्ये तिला मळमळलं. उतरली तेव्हा तोंड लिंबासारखं पिवळं. मी म्हटलं, "अगं, समुद्रावरून गेलीस तेव्हा काही झालं नाही, आणि इथं खड्ड्यांनी लोळवलं?" तर म्हणते, "आत्या, समुद्रावर ड्रायव्हर मीच होते."

थोड्या वेळानं बेकरीवाल्याची मुलगी पाव घेऊन आली. हिचं नाव आम्ही पणपण ठेवलंय, कारण तिला काहीही सांगा, ती म्हणते, "पण". वर्गात विज्ञानाला जायचं म्हणणारी ती एकटीच. शाखा बंद झाली तर बाप काही तिला परगावी पाठवणार नाही. भट्टीपाशी बसवेल.

तिनं भिंगरीला पाहिलं आणि चहा पिऊ दिला नाही. "ताई, विमान एवढं जड, तरी खाली का येत नाही? पण मग दगड का येतो? पण पक्षी तर पंख हलवतात, विमान कुठं हलवतं?" भिंगरीनं माझ्या पावाचा काप घेतला, वाकवला, त्याच्यावर फुंकर मारली, मग दुसरा घेतला, मग कागदाची पट्टी ओठाशी धरून फुंकली, आणि दोघी जणी जमिनीवर बसून असं काही रंगल्या की मला माझ्याच दुकानात त्यांना ओलांडून जावं लागलं. शेवटी ओरडले, "पाव खायचा असतो!"

नंतर भिंगरीनं विचारलं, "आत्या, शाळेत ऐकायला किती जण असतील गं?"

"सगळी शाळा! वर पालक. मी गावभर सांगितलंय."

तिनं कप खाली ठेवला आणि मोरीत जाऊन बराच वेळ बसली. बस अजून पोटात असावी.

शुक्रवार

काय लिहू. करायला गेले गणपती, झालं माकड, म्हणतात ते खोटं नाही.

भाषण मीच लिहून दिलं होतं, जड जड शब्द वेचून. "विद्यार्थी मित्रहो, ज्ञानाच्या नभांगणात जिद्दीचे पंख लावून यशाचे शिखर पादाक्रांत करा." रद्दीत एकदा असं काही वाचलं होतं, ते विसरले नव्हते. भिंगरीनं काल ते वाचलं आणि तिला उचकी लागली. मी म्हटलं, कुणीतरी आठवण काढतंय. ती म्हणाली, "सगळेच काढतायत वाटतं."

आज व्यासपीठावर उभी राहिली. समोर ही गर्दी. माईक हातात घेतला आणि म्हणाली, "विद्यार्थी मि— उक्!"

माईकमधून उचकी किती मोठी ऐकू येते हे मला ठाऊक नव्हतं. मागच्या भिंतीवरचं कबूतर उडालं.

"ज्ञानाच्या न— उक्! —भांगणात—"

मुलं आधी दबकत हसली, मग मोकळी हसली. सरांनी पाणी आणलं. मोठ्या बाईंनी पाठीत धपका घातला, तो जरा जास्तच बसला. मी पहिल्या रांगेतून नाक दाबून दाखवलं, तर पहिली रांगच्या रांग नाक दाबून बसली. शेवटी भिंगरी "जिद्दीचे पं— उक्!" इथवर येऊन थांबली आणि नमस्कार करून उतरली. टाळ्या पडल्या, पण त्या कसल्या होत्या ते लिहीत नाही.

विज्ञानाला नाव कुणी दिलं? कुणीच नाही. सर माईकची वायर गुंडाळत होते, तीसुद्धा उगाच पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळत होते.

घरी येताना भिंगरी म्हणाली, "आत्या, वर विमानात मला कध्धी उचकी लागत नाही. वर कुणी बघत नसतं ना."

मी म्हटलं, "मग वरूनच ये!"

मी आपली रागानं बोलले. ती रस्त्यात थांबली. "शाळेमागं तो मोठा माळ आहे ना? विमानच आणते. मुलं विमान बघतील. मला बोलायला नको."

शनिवार

आज विशेष काही नाही. ताडपत्रीच्या कापडानं बोटं सोलली. दुकानात आलेला प्रत्येक माणूस विचारून गेला, "उचकी थांबली का हो?"

सोमवार

माळावर उतरायची परवानगी मोठ्या बाईंनी मिळवली. दगडगोटे मुलांकडून वेचून घेतले. भिंगरी विमान आणायला गेली. जाताना बसच्या पायरीवरून ओरडली, "आत्या, एक काम कर! वाऱ्याची पिशवी शीव! खांबाला लावायची, म्हणजे वरून मला कळतं वारा कुठून कुठं चाललाय. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरवायचं असतं! नारिंगी कापड घे! एक तोंड मोठं, त्यात तारेची कडी, दुसरं टोक निमुळतं—" आणि बस सुटली.

बघा! पृथ्वी फिरून आली, पण शिवायला आत्याच लागते.

बुधवार

पिशवी झाली. नारिंगी रंग असा की डोळे दिपावेत. माणूसभर लांब. तोंडाला कडी, कडीला चार दोऱ्या, शिवण सगळी दुहेरी.

एक गोष्ट मात्र खटकली. निमुळत्या टोकाला तळ लावायचं सांगायची भिंगरी विसरलीच. मुलगी हुशार आहे, पण शिवणकामात लक्ष कधीच नव्हतं. तळाशिवाय पिशवी दिली तर लोक माझ्या तोंडावर हसतील. या दुकानातून आजवर एकही पिशवी तळाविना गेलेली नाही. म्हणून चांगला गोल तळ कापला, आतून अस्तर लावलं आणि बखिया घातला. हत्ती ठेवला तरी निसटणार नाही.

पणपण पाव द्यायला आली होती. तिनं आत हात घालून बघितलं. "पण आत्या, वारा बाहेर कुठून जाणार?"

मी म्हटलं, "बाहेर कशाला जाईल? पिशवी काय चाळण आहे?"

ती "पण" म्हणाली आणि गप्प झाली. ही मुलगी एका "पण"वर थांबली, असं पहिल्यांदाच पाहिलं. पटलं असणार.

मग तिच्या बापाकडे गेले. त्याच्या धुराड्यानं माझं कापड रोज काळं होतं, हे भांडण जुनंच आहे. आज गोड बोलले. "उद्या पाहुणी आभाळातून येणार. तेवढा वेळ भट्टी बंद ठेव. आकाश स्वच्छ दिसलं पाहिजे." म्हणाला, "आत्याबाई, तुमचा शब्द म्हणजे शब्द."

गुरुवार

झोपण्याआधी सगळं लिहूनच काढते.

सकाळी सगळी शाळा माळावर. खुर्च्या मांडलेल्या, स्वागताचा फलक लावलेला. सरांनी खांब उभा केला आणि माझी पिशवी वर चढवली. वारा आत शिरला आणि काय सांगू, दुधी भोपळ्यासारखी टम्म फुगली! मी शेजारच्या बाईला म्हटलं, "एक टाका हलायचा नाही बघा."

टाका हलला नाही. पिशवी मात्र हलली. आधी जरा डावीकडे झुकली, मग उजवीकडे, मग अंगात आल्यासारखी गरगर फिरायला लागली. कधी शाळेकडे तोंड, कधी नदीकडे, कधी मोठ्या बाईंकडे. खांब करकरायला लागला. सर खांबाला मिठी मारून उभे राहिले.

तेवढ्यात गुरगुर ऐकू आली. भिंगरीचं विमान! मुलांनी आरोळी ठोकली. विमान खाली आलं, आणि उतरायच्या बेतात असताना पुन्हा वर गेलं. चक्कर मारली. पुन्हा खाली, पुन्हा वर. आम्ही हात हलवले, मी उरलेलं नारिंगी कापड हलवलं. किती मान देते बघा गावाला, असं मी म्हणाले. सर खांबाला धरून म्हणाले, "आत्याबाई, मला वाटतं त्यांना वारा कळत नाहीये."

"कळत कसा नाही? एवढी मोठी पिशवी लावलीय!"

आणि बघते तर काय, बेकरीच्या धुराड्यातून काळाकुट्ट धूर! भट्टी पेटवलीच बाबानं! शब्द म्हणजे शब्द म्हणे! वाऱ्याबरोबर धुराची लांबच लांब शेपटी आभाळात. मी तिथूनच हातवारे करून त्याला शिव्या दिल्या. अगदी त्याच वेळी विमान बेकरीवर गेलं, वळलं, आणि भलत्याच बाजूनं येऊन माळाच्या पार दुसऱ्या टोकाला अलगद उतरलं. सगळी शाळा खुर्च्या सोडून तिकडे पळाली. माझे गुडघे सर्वांत शेवटी पोचले.

भिंगरीनं उडी मारली. मोठ्या बाई स्वागताचं बोलायला पुढं झाल्या, त्यांना वळसा घालून ती तरातरा माझ्याकडे आली.

"आत्या! त्या पिशवीला तळ कुणी लावला?"

"मी. तू सांगायला विसरलीस ना."

"विसरले नाही! तळ नसतोच तिला!"

"नसतो कसा? तळ नाही तर ती पिशवी कसली? बाही झाली!"

"बाहीच हवी होती!"

"मग बाही सांगायचीस! कफसुद्धा लावून दिला असता!"

मुलं खो खो हसायला लागली. मला ओशाळल्यासारखं झालं, पण मागं हटणाऱ्यातली मी नव्हे. मी म्हटलं, "आणि काय बिघडलं गं? वारा आत आला, आतच राहू दे. त्याला कुठं बस गाठायचीय?"

"अगं, वारा काय पैशाचं पाकीट आहे, आत राहायला? मागून आणखी वारा येतोय ना! आतला बाहेर पडला नाही तर मागचा शिरणार कुठं? मग तो तोंडाशीच अडतो आणि सांडतो, एकदा या कडेनं, एकदा त्या कडेनं. ज्या कडेनं सांडला, तिच्या उलट बाजूला पिशवी फेकली जाते. म्हणून गरगरते!"

मी म्हटलं, "म्हणजे लग्नाच्या पंगतीत पहिले उठले नाहीत आणि दुसरे दारात आले, तसं?"

"तस्संच!"

"उगाच! कशावरून?"

"पण मी विचारलं होतं!" पणपण मधेच किंचाळली. "मी आत्याला विचारलं होतं, वारा बाहेर कुठून जाणार!"

"तू गप्प बस, तुझा बाप भट्टी पेटवून बसलाय."

"करूनच बघू ना," भिंगरी म्हणाली. "सर, पिशवी उतरवा."

सरांनी पिशवी खाली घेतली. भिंगरी कात्री मागायला लागली. कात्री माझ्या कमरेला असतेच, पण देववेना. आपल्याच हातची शिवण, तीही बखिया! भिंगरीनं टोक कुरतडलं, तर कापड फाटायला निघालं. ते मात्र बघवेना. म्हटलं, "दे इकडे. उसवायचीसुद्धा रीत असते." आणि सगळ्या शाळेसमोर मीच माझा तळ उसवला. टाका न् टाका.

पिशवी वर गेली. एकदा फडफडली, आणि मग जी सरळ झाली! वाऱ्यावर आडवी, ताठ, शेपूट धुराच्याच दिशेला. "आं!" असा आवाज निघाला सगळ्या मुलांतून. मीही "आं" म्हटलं, पण हळू.

त्यानंतर कार्यक्रमाचा बट्ट्याबोळ. मुलं खुर्च्यांवर गेलीच नाहीत. एक विचारतो भोक आणखी मोठं केलं तर, दुसरी विचारते अगदी बारीक ठेवलं तर, तिसरा म्हणतो दोन भोकं पाडली तर. कुणी विमानाखाली शिरलं, कुणी पंखाला हात लावला. भिंगरी गवतात बसून काडीनं मातीत काहीतरी काढतेय, मुलं तिच्या अंगावर वाकलेली, आणि मोठ्या बाईसुद्धा चांगली साडी नेसून गवतात! नवं भाषण मी हातातल्या पिशवीत नेलं होतं, ते कुणी विचारलं नाही. ऊन डोक्यावर आलं तरी उठेनात.

एवढं मात्र खरं, उचकी एकदाही नाही. ती विमान आणायला निघाली तेव्हाच मी तिच्या खिशात साखरेची पुडी टाकून ठेवली होती. साखरेचा गुण.

रात्री जेववेना. एका तळापायी शाखा बुडाली, सर जाणार, पणपण भट्टीपाशी बसणार. आभाळ फाटलं तर ठिगळ कुठं लावायचं म्हणतात. मी तर आभाळाला ठिगळ लावून फाडलं.

शुक्रवार

भिंगरी सकाळी बेकरीवाल्याकडे गेली आणि त्याचा हात हातात घेऊन आभार मानून आली. मी थक्क! "त्यानं धूर केला म्हणून आभार?" पणपण म्हणाली, "आत्या, ताई धुराकडे बघूनच तर उतरल्या." बाप तिच्यामागं उभा. म्हणाला, "आत्याबाई, भट्टी बंद ठेवायची विसरलोच होतो, माफ करा."

मी म्हटलं, "यापुढं विसरत जा."

सोमवार

मोठ्या बाई धावत दुकानात आल्या. मी शिलाई मशीनमागं लपणार होते, पण देह लपण्याजोगा राहिलेला नाही.

"आत्याबाई, शाखा राहिली! नावं मावेनात! सरांना आणखी एक बाक मागवावा लागतोय!"

मी म्हटलं, "असं कसं? भाषण तर झालंच नाही."

त्या हसत सुटल्या. हसण्यासारखं मी काय बोलले, ते कळलं नाही. मागोमाग सर आले. त्यांना वेगवेगळ्या भोकांच्या पिशव्या हव्यात, वर्गासाठी. तळ नसलेल्या! म्हातारपणी माझ्या दुकानाचं नाव आता असं होणार. पणपणच्या बापानं तिला विज्ञानाला घातलं. म्हणाला, "धुराचाही उपयोग कळतो म्हणजे शास्त्र वाईट नसावं."

गुरुवार

भिंगरीला दुसऱ्या गावांतल्या शाळांची बोलावणी आली आहेत. आज चहा पिताना म्हणाली, "आत्या, तूही चल."

"मी कशाला? मला शास्त्रातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच. समोर बसायचं आणि मला मधेच काहीतरी वेड्यासारखं विचारायचं."

"वेड्यासारखं मला विचारता येत नाही. मी आपली सरळ विचारते."

"तेच गं." तिनं माझ्या गालाला हात लावला. "तू भांडायला लागलीस ना, की समोर गर्दी आहे हेच मी विसरते."

म्हणजे साखर नव्हती तर. तरी पुडी बरोबर घेणार आहे.

विमानात बसायचं म्हणते. मी साफ सांगितलं, मी बसनं येईन, तू धुराकडे बघून ये. त्यावर पणपण म्हणाली, "पण आत्या, भीती का वाटते?" तिला मी बेकरीत पिटाळलं.

"आणि पिशवी आण," भिंगरी म्हणाली. "तळ लावून."

"पुन्हा तळ? नसतो म्हणालीस ना?"

"मुलांसमोर उसवायला नको?"

दुपारभर विचार करत बसले. शिवायचं ते टिकावं म्हणून, एवढंच मला ठाऊक. फाटणारं शिवणं हे पाप. पण मग माळावरचा तो "आं" आठवला. पोरांचा, आणि माझाही.

गोल तळ कापला. अस्तर नाही, बखिया नाही. असलं काम मशीनवर घालायची लाज वाटली, म्हणून हातानंच कच्चा धावदोरा घातला आणि शेवटी गाठ मारली नाही. ओढून पाहिला.

एका झटक्यात सुटला. पुन्हा घातला.